सावलीच्या अंगणातून नेपच्यून

२०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. त्या रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की बऱ्याच उंचावर एक पिवळसर, न लुकलुकणारा ठळक ठिपका दिसायचा. तो शनी. त्याच्या डावीकडे वर, पौर्णिमेची सातआठ चंद्रबिंबं एका ओळीत मांडली तर जेवढं अंतर होईल तेवढ्यावर, आणखी एक ग्रह होता. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. सूर्यमालेतला आठवा आणि शेवटचा ग्रह नेपच्यून. त्याच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला चार तास लागतात. म्हणजे दिवेलागणीच्या वेळी तिथून निघालेला उजेड आपल्या डोळ्यांत उतरेपर्यंत गावातलं लक्ष्मीपूजन आटोपून जेवणंही झालेली असतात.

हा ग्रह पाहायला मोठी वेधशाळा लागते, असा समज सार्वत्रिक आहे. तो खरा नाही. चांगली द्विनेत्री, नाहीतर अडीच-तीन इंचांचं भिंग असलेली साधी दुर्बीण, एक नकाशा, एक वही आणि काळोख एवढं पुरतं. यातली पहिली तीन साधनं विकत मिळतात. चौथं मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना त्यासाठी गाडी काढून शंभर-दीडशे किलोमीटर जावं लागतं. सावलीच्या माणसाला घराचं दार उघडून बाहेर यावं लागतं, इतकंच.

सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मूलहून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचं. पुढे व्याहाड गेलं की वैनगंगा लागते आणि नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. सगळा मुलूख धानाचा, बोड्यांचा आणि तलावांचा. आसोलामेंढ्याचा मोठा तलाव याच तालुक्यात आहे. खादीच्या कामामुळे हे गाव एके काळी देशभर ठाऊक होतं. १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन इथे भरलं, तेव्हा स्वतः गांधीजी आले होते. आज बाहेरच्या माणसाला सावली ठाऊक असते ती वाघांच्या बातम्यांमुळे.

वाघाचं आधी बोलून घेऊ, कारण इथल्या आकाशदर्शनाची सगळी आखणी त्यावर ठरते. शहरातली हौशी मंडळी काळोख्या जागेच्या शोधात गावाबाहेर माळावर जातात. सावली, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात तसं करायचं नाही. बांधावर, तलावाच्या पाळीवर, जंगलाच्या कडेला रात्री वाकून दुर्बिणीच्या नेत्रिकेला डोळा लावून बसणं म्हणजे जिवाशी खेळ. या भागात दरवर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. त्यांतली बहुतेक रोजच्या कामासाठी, सरपणाला, मोहाला, तेंदूपानाला गेलेली असतात. तेव्हा दुर्बीण लावायची ती अंगणात, सांदवाडीत किंवा स्लॅबवर. सुदैवाने नेपच्यूनला तेवढी जागा पुष्कळ झाली.

आणि रात्र जागणं या मुलखाला नवीन नाही. दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. भाऊबीज, मंडई, शंकरपट आणि मग रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटे पडेपर्यंत नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या गावोगाव फिरतात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सगळे मंडपात जागतात. जे गाव नाटकासाठी रात्रभर डोळा लावत नाही, त्याला एका ग्रहासाठी तासभर जागायला सांगण्यात काही अवघड नाही.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं ते सांगतो.

ताऱ्यांचा ठळकपणा प्रतींमध्ये मोजतात. प्रत जितकी वरची, तितका तारा मंद. अगदी काळ्या आकाशात निरोगी डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. नेपच्यूनची प्रत ७.८ च्या आसपास असते. म्हणजे डोळ्याच्या शेवटच्या पायरीवरच्या ताऱ्यापेक्षाही तो सुमारे पाचपट मंद. त्यामुळे दुर्बिणीतून दिसणं ही काही अडचण नाही, सहा सेंटीमीटरच्या भिंगालाही तो दिसतो. खरी अडचण ओळखण्याची. त्याच्याइतके किंवा त्याहून ठळक तारे सगळ्या आकाशात मिळून तीस हजारांच्या वर आहेत, आणि दुर्बिणीत नेपच्यून त्यांच्यातलाच एक वाटतो. त्याचं बिंब कोनीय मापात जेमतेम सव्वादोन विकला भरतं. सव्वादोन किलोमीटर दूर धरलेलं अडीच सेंटीमीटरचं नाणं एवढंच दिसेल. कमी वर्धनात ते बिंब आहे हे कळतच नाही.

म्हणून पायरीपायरीने जायचं. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचे चार तारे मिळून होणारा मोठा चौकोन आपल्याकडे नक्षत्रं ओळखणाऱ्या कुणालाही दाखवता येतो. दिवाळीच्या रात्री नऊ-दहाला तो जवळजवळ डोक्यावर असतो. त्याची पूर्वेकडची बाजू म्हणजे उत्तरा भाद्रपदाचे दोन तारे. ही बाजू दक्षिणेकडे तेवढीच, किंवा किंचित जास्त वाढवली, की आपण नेपच्यूनच्या परिसरात येतो. तिथे डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नाही, मीन राशीचा तो भाग फिकट ताऱ्यांचा आहे. २०२५ च्या दिवाळीत मात्र शनीची खूण होती. द्विनेत्रीत शनी पश्चिमेच्या, म्हणजे उजव्या कडेला धरला की पाचव्या प्रतीचे दोन तारे शेजारी शेजारी दिसायचे. मीन राशीतले २७ आणि २९ क्रमांकाचे. त्यांतल्या पूर्वेकडच्या ताऱ्यापासून उत्तरेला पावणेदोन अंश सरकायचं. तिथे जे काही ठिपके दिसायचे त्यांतला एक नेपच्यून होता.

कोणता? इथे वही उघडायची.

वहीत एक गोल काढायचा. तो म्हणजे नेत्रिकेत दिसणारा आकाशाचा तुकडा. त्यात जे तारे दिसतात ते जसे दिसतात तसे मांडायचे, ठळक मोठे, मंद लहान. बाजूला तारीख, वेळ, दिशा आणि कोणती नेत्रिका लावली ते लिहायचं. टॉर्चवर लाल पारदर्शक कागद बांधायचा, कारण पांढऱ्या उजेडानंतर डोळा पुन्हा काळोखाला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो. मग आठवड्याने त्याच जागी दुसरा गोल काढायचा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की सगळे ठिपके जिथल्या तिथे असतील, एक सोडून. जो हलला तो ग्रह. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस, सूर्याच्या बरोबर समोर असताना, नेपच्यून ताऱ्यांमधून रोज सुमारे दीड कला मागे सरकत होता. दिवाळीनंतर त्याची ही वक्री चाल मंदावत गेली आणि १० डिसेंबरच्या सुमारास तो स्तंभी होऊन पुन्हा मार्गी झाला. म्हणून पहिलं चित्र जितक्या लवकर काढाल तितकं बरं.

मोबाइलवरचं आकाशदर्शनाचं ॲप थेट बोट दाखवून ग्रह सांगतं हे मला माहीत आहे. ते जरूर वापरावं. तरीही पहिल्या खेपेला दोन रात्रींच्या चित्रांतून तो स्वतः पकडावा, असा माझा आग्रह आहे. ॲपने दाखवलेल्या ठिपक्यावर आपण विश्वास ठेवतो. आपल्याच हाताने काढलेला ठिपका सात दिवसांनी सरकलेला पाहिला की विश्वासाचा प्रश्नच उरत नाही. त्यानंतर दुर्बिणीला दीडशेपटीच्या वर वर्धन द्यायचं. आजूबाजूचे तारे टोकदार राहतात आणि हा एक किंचित जाडसर, निळसर राखाडी रंगाचा होतो. सहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून तो रंग मला स्पष्ट कळतो. लहान भिंगातून रंगाबद्दल पैज लावू नये.

धानाच्या मुलखातली एक व्यावहारिक अडचण दवाची. कापणीच्या दिवसांत ओल्या बांध्यांवरून वर येणारी वाफ रात्री अकरानंतर भिंगावर बसते. भिंगापुढे जाड काळ्या पुठ्ठ्याची नळी, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब, गुंडाळून लावली की तासभर निभावतं. भिंग कापडाने पुसायचं नाही.

हे दोन रात्रींच्या तुलनेचं काम दिसायला साधं आहे, पण नेपच्यूनचा अख्खा इतिहास याच एका गोष्टीवर फिरला आहे. गॅलिलिओने २८ डिसेंबर १६१२ रोजी गुरूचे उपग्रह टिपताना जवळच एक तारा म्हणून नेपच्यून काढून ठेवला होता. महिनाभराने, जानेवारी १६१३ मध्ये, तो पुन्हा त्याच्या नजरेत आला आणि शेजारच्या ताऱ्यापासूनचं अंतर बदललंय की काय अशी शंकाही त्याच्या टिपणात आहे. पुढे काही झालं नाही. १७९५ साली पॅरिसमध्ये लालांद यांच्या ताराकोशासाठी ८ मे आणि १० मे या दोन रात्री एकाच ताऱ्याचं स्थान नोंदलं गेलं. दोन नोंदी जुळल्या नाहीत. निरीक्षकाने पहिली नोंद चुकली असं धरून सोडून दिली आणि दुसरीपुढे शंकेची खूण केली. दोन्ही नोंदी बरोबर होत्या, मधल्या दोन दिवसांत ग्रह सरकला होता. स्वतःच्या वहीवर भरवसा ठेवला असता तर सूर्यमालेतला आठवा ग्रह एकावन्न वर्षं आधी हाती आला असता. १८४६ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिजचे चॅलिस तर मुद्दाम त्यालाच शोधत होते. ४ आणि १२ तारखेला त्यांनी तो टिपलाही, पण दोन रात्रींच्या याद्या ताडून पाहायचं काम मागे पडत गेलं.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला बर्लिनच्या वेधशाळेत फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांचं पत्र पोचलं. युरेनस आपल्या गणिती वाटेवरून ढळतो आहे, त्याला ओढणारा अज्ञात ग्रह आकाशात अमुक ठिकाणी असावा, असा त्यात हिशेब होता. त्याच रात्री योहान गाले नेत्रिकेला बसले आणि दारेस्ट हा तरुण विद्यार्थी बर्लिन अकादमीचा नुकताच छापलेला नकाशा घेऊन शेजारी बसला. गाले एकेका ताऱ्याची जागा सांगत, दारेस्ट नकाशात बोट ठेवत. मध्यरात्रीच्या आसपास एक आठव्या प्रतीचा तारा आला जो नकाशात नव्हता. ल व्हेरिएंनी सांगितलेल्या जागेपासून तो एका अंशाच्या आत होता. दुसऱ्या रात्री तो सरकलेला दिसला आणि खात्री पटली. वेधशाळेची दुर्बीण नऊ इंची होती, आजच्या मापाने फार मोठी नाही. त्या रात्रीचं श्रेय मी दुर्बिणीपेक्षा नकाशाला देईन. सूर्याभोवतीची आपली एक फेरी नेपच्यून १६४.८ वर्षांत पुरी करतो, म्हणून त्या शोधानंतरची पहिली प्रदक्षिणा पूर्ण झाली ती २०११ च्या जुलैमध्ये.

दूरचा ग्रह आधी कागदावर सापडतो, ही कल्पना तिथून पुढे जगभरच्या गणित्यांच्या मनात बसली. तिचा एक धागा मराठीत येतो, आणि तो आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवा तितका ठाऊक नाही.

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ सालचा, नरगुंदचा. व्यवसायाने शाळामास्तर. आयुष्याचा मोठा भाग मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला, बागलकोट-विजापूरच्या बाजूला गेला. आपल्याकडची पंचांगं जुन्या करणग्रंथांवर चालत होती, आणि त्यांतली ग्रहणं व ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केतकरांनी युरोपातलं नवं ग्रहगणित आत्मसात केलं आणि ते आपल्या ज्योतिषांना वापरता येईल अशा रूपात, संस्कृत श्लोकांत आणि कोष्टकांत, बसवलं. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे त्यांचे ग्रंथ. सूक्ष्म गणिताची पंचांगं पुढे महाराष्ट्रात ज्या पायावर उभी राहिली त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची या, अयनांशाच्या, वादात लोकमान्य टिळक रेवती पक्षाचे आणि केतकर चित्रा पक्षाचे. शेवटी देशभर चित्रा पक्षच रूढ झाला.

या केतकरांचा एक लेख १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत छापून आला. विषय होता नेपच्यूनच्या पलीकडचे ग्रह. गुरूच्या आतल्या तीन गॅलिलीय उपग्रहांच्या गतींमध्ये लाप्लासने एक ठरावीक नातं दाखवलं होतं. तसंच नातं युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्यापलीकडच्या ग्रहांत असलं पाहिजे असं गृहीत धरून केतकरांनी दोन अज्ञात ग्रह मांडले. पहिल्याला नाव दिलं ब्रह्मा, दुसऱ्याला विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर त्यांनी काढलं ३८.९५ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या तितकी पट, आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षं. एकोणीस वर्षांनी प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर आहे ३९.४८ एकक आणि काळ सुमारे २४८ वर्षं.

हे आकडे शेजारी ठेवले की ऊर भरून येतो, माझाही येतो. तरी इथे थांबून नीट बोललं पाहिजे. केतकरांनी अंतर आणि काळ सांगितला, ग्रह आकाशात कुठे शोधायचा ते सांगितलं नाही. ज्या नात्यावर त्यांनी हिशेब रचला ते नातं प्रत्यक्षात तसं नाही. प्लूटो नेपच्यूनशी निराळ्या, दोनास तीन अशा ठेक्यात बांधलेला आहे. विष्णू तर कधी सापडलाच नाही. म्हणून ‘प्लूटो मराठी माणसाने आधीच शोधला’ असं म्हणणं केतकरांवर अन्याय आहे, कारण ते आयुष्यभर भोंगळ गणिताविरुद्धच झगडले. एक शाळामास्तर, दुर्बिणीशिवाय, दूरच्या गावात बसून, जगातल्या सर्वांत ताज्या प्रश्नावर फ्रेंच पत्रिकेत आपला हिशेब मांडतो आणि तो तपासायला सगळ्यांपुढे ठेवतो, ही खरी मोठी गोष्ट. अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल यांनी याच काळात अमाप पैसा आणि माणसं लावून केलेला हिशेबही शेवटी पायाशी चुकीचाच निघाला. प्लूटो युरेनसला ढकलण्याइतका जड नाही, हे १९७८ साली त्याचा उपग्रह शॅरन सापडल्यावर पक्कं झालं. केतकरांचं निधन ३ ऑगस्ट १९३० रोजी झालं. प्लूटोच्या शोधाची घोषणा १३ मार्चला झाली होती. म्हणजे ती त्यांच्या हयातीतच झाली.

प्लूटो प्रत्यक्ष सापडला तो पुन्हा दोन रात्रींच्या तुलनेतच. क्लाइड टॉम्बॉ हा कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. गारपिटीने पीक गेलं आणि त्याचं कॉलेज राहिलं. शेतावर मिळेल त्या लोखंडी सुट्या भागांतून त्याने दुर्बिणी बनवल्या, आरसे स्वतः घासले आणि गुरू-मंगळाची जी चित्रं काढली ती लोवेल वेधशाळेला पाठवली. त्या चित्रांवर त्याला नोकरी मिळाली. १९३० च्या जानेवारीत, २३ आणि २९ तारखेला, काढलेल्या छायाचित्रांच्या काचा १८ फेब्रुवारीला ताडून पाहताना हजारो ताऱ्यांतला एक ठिपका हललेला त्याला दिसला. तेव्हा त्याचं वय चोवीस होतं. गारपिटीने उभं पीक जाणं म्हणजे काय हे सांगायला विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात शब्द लागत नाहीत. म्हणून ही गोष्ट सावलीच्या शाळेत सांगावी असं मला फार वाटतं.

स्वतः प्लूटो मात्र सावलीच्या अंगणातून लहान दुर्बिणीला साधणार नाही. त्याची प्रत चौदाच्या पुढे आहे, दहा-बारा इंची आरसा आणि चांगलाच मुरलेला डोळा हवा. त्याच्या नादी लागून सुरुवात करणाऱ्याचा उत्साह मावळतो. नेपच्यूनपासून सुरुवात करावी. तोही जड वाटला तर युरेनस आहेच, ज्याला आपली पंचांगं हर्षल म्हणतात.

त्या विल्यम हर्शलने तो शोधला १३ मार्च १७८१ ला, इंग्लंडमधल्या बाथ गावी, भाड्याच्या घरामागच्या बागेतून, स्वतः घासलेल्या सहा इंचांहून किंचित मोठ्या आरशाच्या दुर्बिणीने. पेशाने तो संगीतकार होता. परसदारातली दुर्बीण आणि ग्रहाचा शोध हे नातं असं अगदी पहिल्यापासूनचं आहे. हर्शलच्याही आधी, १६९० च्या डिसेंबरात, फ्लॅमस्टीडने हाच ग्रह पाहून वृषभ राशीतला ३४ क्रमांकाचा तारा म्हणून यादीत घातला होता. युरेनसची एक प्रदक्षिणा ८४ वर्षांची. १६९० पासून चार प्रदक्षिणा मोजा. २०२५ च्या दिवाळीत तो पुन्हा वृषभ राशीत, कृत्तिकांच्या दक्षिणेला चार-साडेचार अंशांवर होता.

या युरेनसने आपल्या देशातल्या दुर्बिणीलाही मोठी संधी दिली होती. १० मार्च १९७७ ला तो एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा तामिळनाडूत कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीवर बसलेल्या निरीक्षकांना ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या आडोशाला जाण्याआधीच मध्येच खालावलेला नोंदता आला. उडत्या विमानातून वेध घेणाऱ्या अमेरिकी चमूने त्याच रात्री तसेच उतार पाहिले. युरेनसला कडी आहेत हे त्यातून कळलं.

सावलीच्या आकाशाकडे परत येऊ. या मुलखातलं आकाश आम्ही शहरातून दुर्बिणी घेऊन येण्याची वाट पाहत नव्हतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथलं ताऱ्यांचं ज्ञान गोळा केलं आणि २०१३ साली ते शोधनिबंधात मांडलं. सप्तर्षींतले चौकोनाचे चार तारे म्हणजे खाट आणि शेपटीचे तीन तारे ती पळवायला आलेले चोर, ही गोष्ट या भागातल्या जुन्या माणसांकडून आजही ऐकायला मिळते. मृगाच्या ताऱ्यांत नांगर पाहणाऱ्या लोकांना आकाशाचा नकाशा नव्याने शिकवावा लागत नाही, त्यांच्या नकाशात फक्त एक मंद ठिपका वाढवायचा असतो. शाळेत दुर्बीण लावायची झाली तर सुरुवात गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून करावी. त्यांना कोणते तारे कोणत्या नावाने ठाऊक आहेत ते आधी वहीत उतरवावं, मग मीन आणि वृषभाकडे जावं.

२ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा या भागात कुणी विसरलेलं नाही. तिन्हीसांजेनंतर आकाशातून जळते तुकडे ओळीने गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत भलंमोठं धातूचं कडं येऊन पडलं. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचं अभ्यासकांचं मत पडलं. त्या रात्री लोक किती घाबरले आणि किती उत्सुक होते, दोन्ही खरं. चंद्रपूरचे सुरेश चोपणे आणि त्यांचा स्काय वॉच ग्रुप अशा वेळी लोकांना काय घडलं ते समजावून सांगतात. ही माणसं जिल्ह्यात आहेत हे भाग्य आहे. मात्र पुढच्या वेळी आकाशात काही दिसेल तेव्हा ‘कुठल्या नक्षत्रातून कुठल्या नक्षत्राकडे गेलं’ हे सांगू शकणारी दहा पोरं प्रत्येक गावात असली पाहिजेत. ती तयार होतात नेपच्यूनसारखं हळूहळू सरकणारं काही वहीत टिपायच्या सवयीतूनच.

२०२५ च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. मराठीत विश्वाबद्दल लिहायचं आणि ते शाळकरी मुलापर्यंत पोचवायचं हे त्यांनी जन्मभर केलं. त्यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत हौशी लोकांना स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवायला शिकवलं गेलं. ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून पुण्यात हे काम करते आहे. हे सगळं झालं ते बहुतेक पश्चिमेकडे, जिथलं आकाश आता दिव्यांच्या झोताने पांढुरकं झालं आहे. काळं आकाश उरलं आहे ते पूर्वेकडे, धानाच्या आणि सागाच्या मुलखात. दुर्बिणी तिकडे गेल्या पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या प्रयोगशाळांत महागडी, कुलूपबंद उपकरणं नकोत. शिक्षक घरी नेऊ शकेल, मुलं हाताळू शकतील अशी एक साधी दुर्बीण असावी.

आणि जे आकाश उरलं आहे ते राखलं पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे जवळच्या गावांतले दिवे झाकलेले, उजेड खाली पाडणारे बसवले गेले. चंद्रपूर-गडचिरोलीत त्याची गरज कमी नाही. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे आणि त्या बाजूचं क्षितिज रात्रभर उजळलेलं असतं. सावलीतही रस्त्यांवर पांढऱ्या एलईडी दिव्यांची संख्या वाढते आहे. रस्त्यावर दिवा हवाच. वाघाच्या मुलखात तो हवाच हवा, हे मी कुणालाही अंधाराच्या प्रेमापायी नाकारणार नाही. पण त्याचा उजेड जमिनीवर पडावा. दिव्याला वरून टोपी असली आणि रंग पिवळसर असला तर रस्ता अधिक स्वच्छ दिसतो, डोळे दिपत नाहीत आणि वरचं आकाशही काळं राहतं. नगरपंचायतीने पुढच्या वेळी दिवे मागवताना हे दोन शब्द मागणीपत्रात घालावेत. त्यासाठी वेगळी योजना लागत नाही.

घरात पंचांग असेलच. २०२५ च्या ऑक्टोबरच्या पानावर ग्रहांच्या तक्त्यात नेपच्यून शोधा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो मीन राशीत सुमारे पावणेसहा अंशांवर आणि शनी दोन अंशांच्या आसपास लिहिलेला आढळेल. केतकरांनी ज्या गणितासाठी आयुष्य घातलं, त्याचंच हे फळ आहे. तो आकडा बरोबर आहे की नाही हे पाहायला कुठली परवानगी लागत नाही. द्विनेत्री कुणाकडून तरी मागून आणा, घरातल्या मुलांना सोबत घ्या, अंगणातला दिवा तासभर बंद ठेवा आणि पहिलं चित्र दिवाळीतच काढा, दुसरं आठवड्याने. पुढे चंद्र वाढेल आणि मंद तारे दिसेनासे होतील, तेव्हा कंटाळू नका. २०२५ मध्ये कार्तिक अमावस्या २० नोव्हेंबरला होती आणि २१ नोव्हेंबरला युरेनस प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, वर्षातल्या सर्वांत ठळक स्थितीत होता. त्या दोन्ही रात्री चंद्र आड येणार नव्हता.